बाकी फोन चांगला आहे

2013 सालच्या एप्रिलमध्ये अमेरिकेत एका मावशीचा भर जेवणात अपमान झाला. अख्ख्या देशाने तो टीव्हीवर पाहिला आणि एकाही महिला मंडळाने निषेधाचा ठराव केला नाही. मावशी बिचारी मांजरीचं खाणं आणायला दुकानात कशी गेली ते सविस्तर सांगत होती. समोर बसलेल्या मुलीने फोनवर हळूच बोट फिरवलं आणि जेवणघरात ड्रम वाजवणारा अवतरला, बॅले नाचणाऱ्या मुली आल्या, बर्फाची फेकाफेक झाली. मावशी बोलतच राहिली, मुलगी गालातल्या गालात हसत राहिली. ही फेसबुकची जाहिरात होती. सांगायचं होतं ते एवढंच, की घरातली माणसं कंटाळवाणी असतात आणि फोनमधली नसतात, तेव्हा आमचा फोन घ्या.

मांजरीचं खाणं हा विषय मला तरी वाईट वाटला नाही. पूर्वी भाजीवर फुकट मिळणाऱ्या कढीपत्त्याचे आता पाच रुपये मागतात, या विषयावर आमच्याकडची मावशी वरणभातापासून ताकभातापर्यंत बोलू शकते आणि मध्ये कुणाचाही घास अडकत नाही. पण कॅलिफोर्नियात बसलेल्या हुशार मुलांना मावशी हीच अडचण वाटली. मावशीला गप्प करता येत नाही, तर भाचीच्या हातात असं काहीतरी द्यावं की तिला मावशी ऐकूच येऊ नये.

त्या 'काहीतरी'चं नाव 'फेसबुक होम'. अँड्रॉइड फोनवर ते चढवलं की फोनचा चेहरामोहराच बदलायचा. कुलूप उघडण्याआधीच पडद्यावर मित्रांचे फोटो एकामागून एक सरकायला लागायचे. कुणाचा निरोप आला तर त्याचं गोल मुंडकं पडद्यावर तरंगत यायचं आणि तुम्ही दुसरं काहीही करत असलात तरी कोपऱ्यात बसून राहायचं. हे सगळं आधीपासूनच घालून विकलेला फोन म्हणजे 'एचटीसी फर्स्ट'. एटी अँड टी कंपनीने तो 12 एप्रिल 2013 रोजी दोन वर्षांच्या करारासह 99 डॉलर 99 सेंटला विकायला काढला. महिना व्हायच्या आत त्याची किंमत 99 सेंटवर आली. डॉलर गेले, सेंट राहिले. तेव्हाच्या भावाने पन्नास-पंचावन्न रुपये.

ज्यांनी पूर्ण पैसे मोजले होते त्यांच्या तोंडाची चव काय झाली असेल, ते आपण समजू शकतो. पण माझं लक्ष वेधलं ते त्यांच्या मतांनी.

विकत घेतलेल्या फोनबद्दल मालकाने दिलेलं मत हा मोठा गमतीदार वाङ्मयप्रकार आहे. लग्नाच्या जेवणाबद्दल पाहुणे बोलतात तसं ते असतं. "जेवण बाकी उत्तम, मठ्ठा तेवढा पाणचट होता, जिलबी गार होती, आणि वाढपी आमच्या ओळीत फिरकलाच नाही." आता उत्तम नेमकं काय होतं, हे विचारायचं नसतं. अहेर देऊन झालेला असतो. फोनचंही तसंच आहे. पैसे गेलेले असतात, बायकोच्या मनाविरुद्ध गेलेले असतात, त्यामुळे फोन सरळसरळ वाईट म्हणता येत नाही. मग माणूस 'बाकी' या शब्दाला लटकतो. बॅटरी टिकत नाही, आवाज येत नाही, फोटो हिरवट येतात. बाकी फोन चांगला आहे.

एचटीसी फर्स्टच्या बाबतीत हे 'बाकी' अक्षरशः खरं होतं. फोन हलका होता, हातात मावत होता, आणि फेसबुक होम बंद करायची सोय होती. ती सोय वापरली की आतून साधा, नीटस अँड्रॉइड फोन निघायचा. परीक्षण करणाऱ्यांनी त्याचं कौतुक केलं, घेणारेही त्यावर खूश झाले. म्हणजे फेसबुकच्या खास फोनचा लोकांना आवडलेला गुण कोणता, तर त्यातलं फेसबुक काढून टाकता येतं. पुढे तो 99 सेंटला झाल्यावर तर "इतक्या स्वस्तात इतका साधा फोन मिळतो, घ्या आणि आधी ते बंद करा" असा सल्ला जाणकार देऊ लागले. इतकं मोकळं मत मी बाजारात दुसऱ्या कुठल्याही वस्तूबद्दल ऐकलेलं नाही.

बंद का करायचं, तर जाहिरातीतल्या मित्रांचे फोटो छायाचित्रकार काढतो आणि खऱ्या मित्रांचे फोटो खरे मित्र काढतात. जाहिरातीत समुद्र, डोंगर, हसऱ्या मुली. प्रत्यक्षात फोन खिशातून काढावा तर पडद्यावर अर्धा खाल्लेला बर्गर, भाच्याचं वाहतं नाक आणि कुणाच्या तरी राजकीय संतापाची चार वाक्यं. वेळ बघायला फोन काढला होता, हे माणूस विसरूनच जायचा. शिवाय ज्यांनी आपल्या अँड्रॉइड फोनवर रोजची अॅप्स नीट लावून ठेवली होती, घड्याळ-हवामान समोर मांडलं होतं, त्यांची सगळी मांडामांड हे 'होम' आल्यावर दिसेनाशी झाली. घर मिळालं, पण फर्निचर गेलं. पाचपैकी अडीच तारेसुद्धा लोक धड देईनात. पुढे हे प्रकरण हळूहळू मावळलं. मुंडकी तेवढी राहिली. ती मेसेंजरमध्ये बरीच वर्षं तरंगत होती.

हे पहिल्यांदाच घडलं असतं तर एका कंपनीचं नशीब म्हणून सोडून दिलं असतं. पण तीन वर्षं आधी मायक्रोसॉफ्टने हाच प्रयोग वेगळ्या झग्यात करून पाहिला होता. त्या फोनचं नाव 'किन'. एक बुटका, गोलसर, खिशात कासव ठेवल्यासारखा. दुसरा आडवा, मोठा. पंधरा ते तीस वयाच्या, दिवसरात्र मित्रांत असणाऱ्या मुलांसाठी म्हणून तो मुद्दाम घडवला होता. फेसबुक, मायस्पेस, ट्विटर या सगळ्यांचा माल पहिल्याच पडद्यावर. मे 2010 मध्ये तो अमेरिकेत व्हेरायझनच्या दुकानांत आला आणि 30 जूनला मायक्रोसॉफ्टने तो गुंडाळला. आमच्याकडे नवीन पूल याहून जास्त टिकतात, निदान उद्घाटनाचा फलक तरी.

मालकांची मतं इथेही मिश्रच. टंकण्याच्या कळा छान आहेत. कॅमेरा छान आहे. काढलेले फोटो आपोआप वेबसाइटवर जाऊन जपले जातात, हे तर काळाच्या पुढचं आहे. फक्त त्यात गेम नाहीत. नवीन अॅप घालता येत नाहीत. कॅलेंडर नाही. मित्रांच्या बातम्या ताज्या व्हायला पंधरा मिनिटं लागतात, म्हणजे भांडण संपल्यावर पहिला टोमणा पोचतो. ट्विटर आहे, पण दुसऱ्याचं ट्विट पुढे पाठवता येत नाही. आणि पोरासोरांच्या या फोनसाठी महिन्याला तीस डॉलरचा नेट-प्लॅन सक्तीचा, जो मोठ्या माणसांच्या स्मार्टफोनला लागतो तोच. बाकी फोन चांगला.

खरी बहार पुढे आहे. 2010 संपता संपता उरलेला किन व्हेरायझनने पुन्हा विकायला काढला, या वेळी नावामागे 'एम' लावून. त्यातून काय काढलं होतं? मित्रांच्या बातम्यांचा पडदा काढला होता, तो वेबसाइटवरचा फोटोसाठा काढला होता, आणि सक्तीचा नेट-प्लॅनही काढला होता. राहिला फोन. मित्रमंडळींसाठी जन्मलेला फोन मित्रमंडळी वगळून विकला गेला. दोन बड्या कंपन्या, तीन वर्षांचं अंतर आणि गिऱ्हाइकाचा निकाल सारखाच. ज्या गोष्टीसाठी हा फोन केलात ती काढा, मग बघू.

आता आपण आपल्याकडे येऊ. आपल्याकडे असला मोठा तमाशा झाला नाही, कारण आपल्याकडे बटण आलं. 2011 मध्ये 'एचटीसी चाचा' आला. त्यात खालच्या कोपऱ्यात निळं 'एफ'चं बटण होतं, आणि तुम्ही फोटो काढलात किंवा गाणं लावलंत की त्या बटणाचा दिवा पेटायचा. अर्थ असा की हे सांगण्यासारखं आहे, सांगून टाक. इतकी चहाडखोर वस्तू तोवर फक्त वाड्यात राहायची, भाडं देऊन. त्याच वर्षी व्होडाफोनने 'ब्लू' नावाचा फेसबुक-बटणाचा स्वस्त फोन आणला. मग नोकियाने 'आशा' मालिकेत 205 ला फेसबुकचं आणि 2013 मध्ये 210 ला व्हॉट्सअॅपचं बटण दिलं. बुधवार पेठेतल्या काउंटरवर तेव्हा "फेसबुकवाला दाखवू का बटणवाला?" असा प्रश्न विचारला जायचा आणि गिऱ्हाईक दोन्ही एकच आहेत हे न कळताही होकार द्यायचं.

आमच्या मेहुण्यांनी असाच एक बटणवाला घेतला. कंपनीचं नाव सांगत नाही, मेहुणे अजून तिची बाजू घेतात. फोन त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवला. कळा बाहेर, बटण बाहेर, लॉक करायची सवय नाही. लग्नाच्या बोलणीसाठी ते एसटीने साताऱ्याला निघाले आणि कात्रजचा घाट संपेपर्यंत फोनने आपण होऊन बटण दाबलं, लिहायचा चौकोन उघडला आणि मेहुण्यांच्या नावाने एक मजकूर जगासमोर ठेवला. त्यात इंग्रजी 'जी' हे अक्षर ओळीने चार ओळी होतं, शेवटी एक स्वल्पविराम. साताऱ्याला उतरेपर्यंत ते बऱ्याच जणांना आवडलं होतं. एका सहकाऱ्याने खाली लिहिलं होतं, "सर, अगदी मनातलं बोललात." एका भाच्याने "अभिनंदन" लिहिलं होतं. आणि होऊ घातलेल्या व्याह्यांनी नुसते जोडलेले हात टाकले होते. बोलणी व्यवस्थित पार पडली, पण जेवताना व्याह्यांनी दोनदा विचारलं, "तब्येत बरी आहे ना?"

शिवाय बॅलन्स. तेव्हा नेट मोजून मिळायचं, छोटा रिचार्ज छोटाच असायचा, आणि बटणाला चुकून बोट लागलं की नेटपॅक नसेल तर पैसे थेट बॅलन्समधून जायचे. मेहुण्यांच्या फोनचं हे बटण रोज काही ना काही खायचं. शेवटी त्यांनी काडेपेटीच्या पुठ्ठ्याचा तुकडा कापून बटणावर सेलोटेपने चिकटवला. ज्या बटणासाठी दीड हजार रुपये जास्त मोजले होते, त्यावर पुठ्ठा. अमेरिकन मालकाने सेटिंगमध्ये जाऊन जे केलं ते मेहुण्यांनी सेलोटेपने केलं. मत विचारलं तर म्हणाले, "बाकी फोन एक नंबर आहे. रेंज बघ किती पकडतो."

पण मतं मिश्र होती म्हटलं, तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ती बाजू म्हणजे सांगलीची आत्या. तिच्या मुलाने तिला व्हॉट्सअॅपच्या बटणाचा फोन आणून दिला. आत्याला मेनू म्हणजे काय ते हॉटेलातलं माहीत. फोनमधल्या मेनूत शिरून, खाली जाऊन, उजवीकडे वळून, ओके दाबून काही उघडायचं हे तिला सात जन्मांत जमलं नसतं. पण एक बटण दाबलं की मुलीचा मस्कतहून आलेला निरोप दिसतो, हे तिला पहिल्या दुपारीच कळलं. चष्मा जवळ नसला की बटण सापडत नसे, म्हणून तिने त्यावर स्वतःच्या पाकिटातली टिकली चिकटवली. लाल, मध्यम आकाराची. स्वयंपाक करताना, देवापुढे बसल्या बसल्या, लोडशेडिंगच्या अंधारात, बोट बरोबर टिकलीवर. त्या फोनचं याहून चांगलं परीक्षण कुठल्याही मासिकाने लिहिलं नसेल.

इथे कॅलिफोर्नियातल्या मुलांचं गणित पार चुकलं. फोन केला भाचीसाठी, मावशी टाळायला. भाचीने तो दोन महिन्यांत टाकला. मावशीने मात्र बटण पकडलं ते सोडलंच नाही. आज घराघरात जो फॅमिली ग्रुप आहे त्याची खरी मालकीण कोण? सकाळी सहाला सूर्यफुलावर सुविचार कोण टाकतं? मांजरीच्या खाण्यापासून कढीपत्त्याच्या भावापर्यंत सगळं आता मावशी ग्रुपवर सांगते, व्हॉइस मेसेज करून सांगते, आणि तिथे ड्रम वाजवणारा मध्ये येत नाही. उलट भाचीच ग्रुप म्यूट करून बसते. जेवणाच्या टेबलावर निदान मावशीचं बोलणं जेवणाबरोबर संपत होतं.

मी त्या बटणांना हसतो, पण मनातून ती मला प्रामाणिक वाटतात. फोनच्या तोंडावरच लिहिलेलं असायचं की हा कुणाची चाकरी करतो. निळा 'एफ' दिसला की गिऱ्हाइकाला कळायचं, घ्यायचा की नाही ते ठरवायचं, घेतला तर पुठ्ठा लावायचा. आताच्या फोनला पुढून एकही बटण नाही. नुसती काच. आणि त्या काचेतून सकाळी डोळे उघडल्यापासून कोण कोण डोकावतं हे मालकाला मोजता येत नाही. किनचा जो पहिला पडदा लोकांनी नाकारला, तो आता आपण रोज स्वतः बोटाने खाली ओढतो. फरक एवढाच की पूर्वी बातम्या पंधरा मिनिटांनी यायच्या, आता पंधरा मिनिटं बातम्या आल्या नाहीत तर माणूस राउटर बंद-चालू करतो. खास सोशल नेटवर्किंगचा फोन बाजारातून गेला, कारण खास नसलेला एकही फोन उरला नाही. 2017 मध्ये जिओफोन आला तेव्हा लोकांची पहिली तक्रार काय होती? यात व्हॉट्सअॅप नाही. पुढच्या वर्षी सप्टेंबरात ते आलं, तेव्हा कुठे लोकांनी त्याला फोन म्हटलं.

आशा 210 ची जाहिरात करताना कंपनीने सांगितलं होतं, की व्हॉट्सअॅप फोनच्या आयुष्यभर फुकट. तेव्हा व्हॉट्सअॅपची वर्गणी वर्षाला 99 सेंट होती. (हा 99 चा आकडा या धंद्यात कुणाला इतका लाभतो कोण जाणे.) जानेवारी 2016 मध्ये व्हॉट्सअॅपने सगळ्यांचीच वर्गणी रद्द केली, तेव्हा आयुष्यभराची सवलत तीन वर्षांत संपली. मग 31 डिसेंबर 2018 नंतर त्या जुन्या नोकियांच्या प्रणालीवर व्हॉट्सअॅपचा आधारच थांबला. बटण जागेवर, बटणामागे काही नाही. तोवर ते फोन करणारा कारखानाही राहिला नव्हता. मायक्रोसॉफ्टने नोकियाचा फोनचा धंदा घेतला, तेव्हा चेन्नईजवळचा श्रीपेरंबुदूरचा कारखाना त्या व्यवहारात गेलाच नाही, आणि 1 नोव्हेंबर 2014 पासून तिथलं उत्पादन बंद झालं. किनच्या वेळी पोळलेल्या मायक्रोसॉफ्टनेच पुढे आशालाही निरोप दिला. ज्या हातात सोशल फोन गेला तो हात बरा नव्हता, एवढं म्हणायला हरकत नाही.

आत्याला नातवाने आता टचचा फोन दिला आहे. तिने सवयीप्रमाणे काचेवर, व्हॉट्सअॅपच्या हिरव्या चिन्हावर, टिकली लावली. अपडेट आल्यावर चिन्हं सरकली, टिकली तिथेच राहिली. आता ती टिकली दाबते आणि कॅल्क्युलेटर उघडतो. "एवढा पंधरा हजारांचा फोन," ती म्हणते, "बटणसुद्धा दिलं नाही मेल्यांनी. बाकी फोन चांगला आहे."

तुमच्याही घरात कपाटाच्या खणात, चार्जरच्या गुंत्याखाली, असला एखादा बटणवाला पडलेला असणार. त्याची बॅटरी काढता येते, ती आज काढून बघा. फुगली असेल तर टोचून बघू नका आणि ओल्या कचऱ्यात टाकू नका. ई-कचरा घेणारी गाडी किंवा केंद्र जवळपास असेल तिथे द्या. आणि देण्याआधी सिमकार्ड काढून घ्या, आमच्या मेहुण्यांचं त्यातच राहिलंय.